प्रतिनिधीचा हिशेब

सुरतेच्या मराठी घरांत नामदार गोखल्यांचे नाव निघाले की पहिली आठवण होते ती उडत्या जोड्याची. १९०७ च्या डिसेंबरात तापीकाठी भरलेली राष्ट्रसभा २६ आणि २७ या दोन तारखांत मोडली, मंडपात खुर्च्या उचलल्या गेल्या आणि दक्षिणी घाटाचा एक जोडा सुरेंद्रनाथ बॅनर्जींना लागून फिरोजशहा मेहतांवर आदळला, ही हकिकत आपल्याकडे आजोबांनी नातवांना सांगितलेली आहे. ती सांगताना आपण टिळकांच्या बाजूचे की गोखल्यांच्या, हेही नकळत सांगून टाकले जाते. टिळकांच्या अंगावर जमाव धावून गेला तेव्हा दोन्ही हात पसरून त्यांना आड करणारा मनुष्य खुद्द गोखले होता, ही नेव्हिन्सन या इंग्रज पत्रकाराने डोळ्यांनी पाहून लिहिलेली गोष्ट मात्र सांगणाराच्या तोंडून बहुधा सुटून जाते.

पण आजचा विषय तो जोडा नव्हे. तो मंडप मोडल्यानंतर चार वर्षांनी याच गोखल्यांचे एक विधेयक कलकत्त्यात पडले; त्याची हकिकत मला सांगावयाची आहे. तीही केवळ इतिहासाच्या आवडीने नव्हे. आपल्या खासदाराने पाच वर्षांत काय केले, हा प्रश्न हल्ली घरोघर विचारला जातो आणि त्याला उत्तर म्हणून आकड्यांचे एक कोष्टक पुढे केले जाते: उपस्थिती इतके टक्के, प्रश्न इतके, चर्चेत भाग इतक्या वेळा, खासगी विधेयके इतकी. शाळेतल्या प्रगतिपुस्तकासारखे हे कोष्टक दिसते आणि शेवटच्या रकान्यात शून्य दिसले की आपण भुवया उंचावतो. ते शून्य खरोखर काय सांगते, हे कळावयाचे तर हा रकाना आला कोठून ते पाहिले पाहिजे.

मंत्री नसलेल्या सभासदाने आणलेले विधेयक ते खासगी विधेयक. लोकसभेत त्यासाठी शुक्रवारची दुपार राखून ठेवलेली असते. महिनाभर आधी सूचना द्यावी लागते आणि चर्चेसाठी कोणाचे विधेयक घ्यावयाचे ते चिठ्ठ्या टाकून ठरते. शुक्रवारी दुपारी पुष्कळ सभासदांना मतदारसंघाकडे जाणारी गाडी वा विमान गाठावयाचे असते. स्वातंत्र्यानंतरच्या संसदेत अशी अवघी चौदा विधेयके कायदा होऊ शकली. त्यांतले शेवटचे, सर्वोच्च न्यायालयाच्या फौजदारी अपिलांविषयीचे आनंद नारायण मुल्ला यांचे विधेयक, १९७० च्या ऑगस्टमध्ये कायदा झाले. तेव्हापासून आजतागायत एकही नाही. २०१५ साली तिरुची शिवा यांचे तृतीयपंथीयांच्या हक्कांचे विधेयक राज्यसभेने मंजूर केले, तेव्हा आता ही कोंडी फुटणार असे वाटले होते; लोकसभेत ते पुढे सरकले नाही. मग यशस्वी होण्याची आशाच नसलेले हे काम कोणी का करावे? याचे उत्तर गोखल्यांच्या हिशेबात सापडते.

कोतळूकला १८६६ साली जन्मलेला हा कोकणी मुलगा फर्ग्युसन कॉलेजात अर्थशास्त्र, इतिहास आणि गणित शिकवीत असे. त्यांच्या अंकगणिताच्या पुस्तकावर कित्येक पिढ्यांनी हिशेब गिरवले. मुंबईच्या कायदेमंडळातून ते वरिष्ठ कायदेमंडळात गेले आणि १९०२ च्या मार्चमध्ये अंदाजपत्रकावर पहिले भाषण केले. त्या काळी बिनसरकारी सभासदांचे हात किती बांधलेले होते, ते आज ध्यानात येणे कठीण. अंदाजपत्रकावर बोलता येई. मत देता येत नसे. प्रश्न विचारता येई. उत्तरावर उपप्रश्न विचारता येत नसे. ठराव मांडण्याची सोयच नव्हती. वर्षातून एकदा, सरकारने खर्च ठरवून टाकल्यावर, भाषण करावे आणि खाली बसावे, एवढाच अधिकार.

त्या एवढ्याशा अधिकारात गोखल्यांनी काय केले? सरकार मोठ्या अभिमानाने शिलकी अंदाजपत्रक मांडीत होते. गणिताच्या मास्तराने तोच आकडा उचलला आणि उलटा करून दाखविला: दुष्काळाने आणि प्लेगाने खंगलेल्या देशात तिजोरीत शिल्लक पडते, याचा अर्थ राज्य सुखी आहे असा नसून कर जास्त घेतला जात आहे असा आहे. मिठावरचा कर कमी करा, हे त्यांनी त्या वर्षी सांगितले, पुढच्या वर्षी सांगितले, त्याच्या पुढच्या वर्षीही सांगितले. मणामागे अडीच रुपये असलेला हा कर १९०३ साली दोन रुपयांवर, १९०५ साली दीड रुपयावर आणि १९०७ साली एक रुपयावर आला. प्राप्तिकर माफीची मर्यादाही १९०३ मध्ये पाचशे रुपयांवरून हजारावर गेली. हे सारे एकट्या गोखल्यांमुळे झाले असे कोणी म्हणू नये. पण यांपैकी काहीही आजच्या कोष्टकात त्यांच्या नावावर चढले नसते. विधेयके शून्य, ठराव शून्य, मते शून्य, आणि गरिबाच्या भाकरीवरचे मीठ स्वस्त!

त्यांच्या हिशेबात एक जमेची बाजू अशी आहे की जी त्यांच्या शत्रूंनी नेहमी खर्चाच्या बाजूला मांडली. १८९७ साली, कायदेमंडळात जाण्यापूर्वी, ते विलायतेत असताना पुण्याच्या प्लेग-बंदोबस्तातील गोऱ्या शिपायांनी स्त्रियांवर अत्याचार केल्याची पत्रे त्यांना आली. त्यांवर विश्वासून त्यांनी तसा जाहीर आरोप केला. परत आल्यावर पुरावा मागितला गेला. पत्र लिहिणारे पुढे आले नाहीत. गोखल्यांनी जाहीर माफी मागितली. त्यांच्यावर भ्याडपणाचा शिक्का बसला, पुण्यात त्यांची हेटाळणी झाली, आणि ती जखम त्यांना फार दिवस सलत राहिली. माझ्या मते लोकप्रतिनिधीच्या जबाबदारीचा हा पहिला धडा होता. त्यानंतरची त्यांची भाषणे पाहा. आकड्यावाचून वाक्य नाही, आणि ज्याचा आधार देता येणार नाही असा आकडा नाही.

१९०९ च्या मोर्ले-मिंटो सुधारणांनी ठराव मांडण्याचा हक्क दिला. गोखल्यांनी तो हाती येताच वापरला. १९१० च्या फेब्रुवारीत त्यांनी नाताळसाठी होणारी गिरमिटिया मजुरांची भरती बंद करण्याचा ठराव आणला. सरकारने तो मान्य केला आणि १ जुलै १९११ पासून ती भरती थांबली. दक्षिण आफ्रिकेशी सुरत जिल्ह्याचे नाते आपणांस ठाऊक आहेच. रांदेर, कठोर आणि नवसारीकडच्या कितीतरी घरांतले पुरुष तेथे व्यापारासाठी गेले होते आणि त्यांची पत्रे गावोगाव येत होती. १९१२ च्या मार्चमध्ये गोखल्यांनी पुढचे पाऊल टाकले व गिरमिट पद्धत सर्वत्र समूळ बंद करा असा ठराव आणला. तो २२ विरुद्ध ३३ मतांनी पडला. याच महिन्यात त्यांचे विधेयकही पडावयाचे होते.

ते विधेयक प्राथमिक शिक्षणाचे. १९१० मध्ये त्यांनी आधी ठराव आणून पाहिला, सरकारने विचार करतो म्हटल्यावर तो मागे घेतला, आणि विचाराचे फळ दिसेना तेव्हा १६ मार्च १९११ रोजी विधेयक मांडले. ते वाचताना आज हसू यावे इतके सौम्य आहे. ज्या गावात किंवा शहरात मुलगे आधीच पुरेशा संख्येने शाळेत जात असतील, तेथील नगरपालिकेला किंवा लोकल बोर्डाला इच्छा असेल तर, आणि सरकारची परवानगी मिळाली तर, सहा ते दहा वर्षांच्या मुलांना शाळेत पाठविणे सक्तीचे करता यावे. त्यासाठी शिक्षणाचा खास कर बसविण्याची मुभा असावी. ज्या पालकाची मिळकत महिना दहा रुपयांच्या आत आहे त्याच्याकडून फी घेऊ नये. खर्चाचा दोन-तृतीयांश भाग सरकारने उचलावा आणि एक-तृतीयांश स्थानिक संस्थेने, अशी गोखल्यांची अपेक्षा होती. एवढेच.

मुलींचे काय, असा प्रश्न आमच्या भगिनी विचारतील आणि तो योग्यच आहे. मुलींना सक्तीतून तूर्त वगळलेले होते. मागाहून, स्थानिक संस्थेला वाटल्यास, त्यांनाही ती लावता यावी अशी तजवीज होती. विरोध कमी व्हावा म्हणून गोखल्यांनी हा भाग असा पुढे ढकलला. तो काही कमी झाला नाही. लोकांचा रोष टाळण्यासाठी ज्यांना मागे ठेवले, त्या मागेच राहिल्या आणि रोष व्हावयाचा तो झालाच. गोखल्यांच्या या हिशेबातली ही वजाबाकी मला तरी नजरेआड करवत नाही.

विशेषतः यासाठी की मुलींना सोडून न देणारा कायदा तेव्हा सुरतेच्या वेशीबाहेरच लागू होता! आपल्या जिल्ह्याचा जुना नकाशा काढून पाहावा. ब्रिटिश मुलूख आणि बडोद्याचा गायकवाडी मुलूख एकमेकांत असे गुंतलेले होते की बैलगाडीने अर्धा दिवस चालले तर दोन-तीनदा राज्य बदलावे. सुरत शहर इंग्रजांचे. काही कोसांवरचे कामरेज गायकवाडांचे. बारडोली इंग्रजांची, शेजारचे पलसाणे, पुढचे व्यारा आणि सोनगड गायकवाडांचे. नवसारी तर त्या प्रांताचे मुख्य ठाणे. सयाजीराव महाराजांनी १८९३ साली अमरेलीत आणि भोवतालच्या काही गावांत सक्तीच्या शिक्षणाचा प्रयोग केला आणि १९०६ मध्ये तो कायद्याने साऱ्या राज्यास लावला: मुलगे सात ते बारा वर्षांचे, मुली सात ते दहा वर्षांच्या. म्हणजे कामरेजच्या कुणब्याची आठ वर्षांची मुलगी शाळेत गेली नाही तर बापाला दंड होत होता, आणि सुरतेत त्याच वयाच्या मुलाला शाळेत न घालणाऱ्या बापाला विचारणारे कोणी नव्हते.

गोखल्यांच्या हाती हाच सर्वांत मोठा पुरावा होता. बडोद्यात शाळेच्या वयाच्या मुलांपैकी सुमारे ऐंशी टक्के मुले शाळेत होती, ब्रिटिश हिंदुस्थानात वीस-एकवीस टक्के. हिंदी लोकांना सक्ती मानवणार नाही, असे म्हणणाऱ्या सरकारला ते विचारीत होते की बडोद्याची प्रजा हिंदी नाही काय? एका मराठी राजाने गुजराती रयतेवर केलेला प्रयोग एका मराठी सभासदाने कलकत्त्यात साक्षीला उभा केला, ही गोष्ट आपल्यासारख्या दोन भाषांच्या दारात राहणाऱ्यांनी विशेष लक्षात ठेवावी अशी आहे.

विधेयक मते मागविण्यासाठी प्रांतोप्रांती फिरले आणि १८ व १९ मार्च १९१२ रोजी त्यावर चर्चा झाली. सरकारच्या वतीने हारकोर्ट बटलर यांनी विरोध केला: प्रांतिक सरकारे अनुकूल नाहीत, लोकांतून मागणी नाही, सक्तीपेक्षा आहे त्या शाळा वाढविणे बरे. मोठ्या जमीनदारांच्या मनात दुसरी भीती होती. कुळांची पोरे शिकली तर शेतात राबणार कोण? काही मुसलमान सभासदांना कोणत्या भाषेतून शिकविणार याची चिंता होती. बाजूने बोलणारांत मदनमोहन मालवीय, मजहर-उल-हक आणि मुंबईचे तरुण बॅरिस्टर महंमद अली जिना होते. समारोप करताना गोखल्यांनी सांगून टाकले की संध्याकाळ होण्यापूर्वी हे विधेयक फेटाळले जाणार हे आपणांस ठाऊक आहे आणि त्याबद्दल आपली तक्रार नाही. इंग्लंडातही असे कायदे एका प्रयत्नात झाले नाहीत. आपल्या पिढीच्या वाट्याला अपयशातूनच सेवा करणे आले आहे. मते मोजली गेली. बाजूने १३, विरुद्ध ३८.

तीन वर्षांनी, १९ फेब्रुवारी १९१५ रोजी, गोखले वारले. अठ्ठेचाळीस वर्षांचे होते.

आता जमाखर्च मांडा. विधेयक एक, तेही पडलेले. परंतु त्या विधेयकाची चर्चा चालू असतानाच १९११ च्या दिल्ली दरबारात लोकशिक्षणासाठी पन्नास लाख रुपयांची घोषणा झाली. पडलेले विधेयक मुंबई प्रांतात विठ्ठलभाई पटेलांनी उचलले. तेही बिनसरकारी सभासदच. त्यांचे विधेयक १९१८ मध्ये कायदा झाले आणि सुरतेसह प्रांतातील नगरपालिकांना सक्तीचे शिक्षण सुरू करण्याचा अधिकार मिळाला. पुढे असहकाराच्या दिवसांत सुरतेच्या नगरपालिकेने सरकारी अनुदान झिडकारून आपल्या शाळा राष्ट्रीय करावयास घेतल्या आणि त्या भांडणात १९२२ साली ती बरखास्त झाली, हा अध्याय निराळा. सहा ते चौदा वर्षांच्या प्रत्येक मुलाला आणि मुलीला शिक्षणाचा मूलभूत हक्क देणारी घटनादुरुस्ती २००२ मध्ये झाली, कायदा २००९ मध्ये झाला आणि तो १ एप्रिल २०१० पासून अमलात आला. गोखल्यांच्या विधेयकापासून मोजले तर नव्व्याण्णव वर्षे. सुरत महानगरपालिकेच्या शिक्षण समितीच्या शाळा आज गुजरातीप्रमाणेच मराठीतूनही चालतात. लिंबायत, उधना भागातली खानदेशातून आलेल्या माणसांची मुले त्यांत शिकतात. घरी अहिराणी, शाळेत मराठी, रस्त्यावर गुजराती!

खासगी विधेयक पडतेच असे नाही. मुंबईचे सर्जन डॉ. गोपाळराव विनायक देशमुख मध्यवर्ती कायदेमंडळात होते. हिंदू विधवेला नवऱ्याच्या मिळकतीत मुलाइतका वाटा मिळावा, यासाठी त्यांनी आणलेले विधेयक १९३७ साली कायदा झाले. वकील मंडळी त्याला अजूनही देशमुख कायदा म्हणतात. ज्यांच्या घरी आजीच्या नावाने सात-बाऱ्याऐवजी फक्त घराचा हिस्सा लागला असेल, त्यांनी त्याचे कारण १९४१ च्या फेडरल कोर्टाच्या मतात शोधावे. शेतजमीन हा प्रांतांचा विषय म्हणून या कायद्याला तिला हात लावता आला नाही. शिवाय मिळालेला वाटा तिच्या हयातीपुरता. विकण्याची मोकळीक नाही. मुलींनाही हिस्सा मिळावा असा डॉक्टरांचा मूळ मानस होता. तो समितीत छाटला गेला. अपुरे खरेच, पण जी विधवा काल केवळ अन्नवस्त्राची धनीण होती ती एका शस्त्रवैद्याच्या चिकाटीने वाटणीची हक्कदार झाली, आणि १९५६ चा वारसा कायदा येईपर्यंत एकोणीस वर्षे त्याच कायद्याने तिला तारले.

बॅरिस्टर नाथ पैंची गोष्ट याहून वेगळी. गोलकनाथ खटल्याच्या निकालाने मूलभूत हक्कांना हात लावण्याचा संसदेचा अधिकार गेला, तो परत मिळविण्यासाठी राजापूरच्या या खासदाराने १९६७ मध्ये विधेयक आणले. ते संयुक्त समितीकडे गेले, देशभर त्यावर वाद झाला, आणि लोकसभाच विसर्जित झाल्याने ते संपले. १९७१ च्या जानेवारीत नाथ पै गेले. त्याच वर्षाच्या नोव्हेंबरमध्ये चोविसाव्या घटनादुरुस्तीने सरकारने तेच केले. अधिकार असावा की नसावा याविषयी मतभेद आहेत आणि केशवानंद भारती खटल्याने १९७३ मध्ये त्याला मर्यादाही घातली. पण कोष्टकात नाथ पैंच्या नावापुढे पुन्हा शून्यच.

आता आपल्या घरच्या हिशेबाकडे वळू. सुरतेने १९५७ पासून १९७७ पर्यंतच्या पाचही निवडणुकांत मोरारजी देसाईंना लोकसभेत पाठविले. संयुक्त महाराष्ट्राच्या आठवणी जपणाऱ्या आपल्या वडीलधाऱ्यांना हे नाव गोड लागत नसे. मुंबईतला गोळीबार आणि सुरतेतला आपला खासदार एकच, ही अडचण आपल्या घरांत पुष्कळ वर्षे होती. पण हिशेब मांडावयाचा तर सरळ मांडावा. मंत्री असताना मोरारजींना खासगी विधेयक आणताच येत नव्हते. त्यांच्या नावावर आहेत ती दहा अंदाजपत्रके. आणि पंतप्रधान म्हणून आणखी एक गोष्ट. संसदेत झालेले भाषण वर्तमानपत्राने खरे छापले तर त्याच्यावर खटला होऊ नये, असा कायदा फिरोझ गांधींनी १९५६ साली खासगी विधेयकाने करून घेतला होता. आणीबाणीत, १९७६ मध्ये, तो रद्द झाला. मोरारजींच्या सरकारने १९७७ मध्ये तो परत आणला आणि १९७८ च्या चव्वेचाळिसाव्या दुरुस्तीने त्याला घटनेतच जागा दिली. लोकसभेची मुदत आणीबाणीत सहा वर्षे झाली होती. तीही याच दुरुस्तीने पुन्हा पाच झाली. प्रतिनिधी काय बोलला ते मतदाराला वाचावयास मिळावे आणि पाच वर्षांनी त्याने जाब देण्यास यावे, हे दोन्ही मार्ग सुरतेच्या खासदाराने मोकळे केले, असे म्हणावयास हरकत नाही.

मोरारजींनंतर काशीराम राणा १९८९ पासून वीस वर्षे आणि दर्शना जरदोश २००९ पासून पंधरा वर्षे सुरतेच्या खासदार होत्या. दोघांनाही कापड खात्यात मंत्रिपद मिळाले. मागाच्या शहरास ते साजेसेच. मंत्री झालेला सभासद प्रश्न विचारीत नाही, तो उत्तरे देतो. म्हणून त्या काळातले त्याचे रकाने रिकामे असतात. हे न जाणता कोणी ते शून्य निष्काळजीपणाचे समजेल तर तो अन्याय होईल.

आपल्यापैकी अनेकजण शहर सुरतेत राहतात पण सुरत मतदारसंघात मत देत नाहीत, हेही पुष्कळांच्या ध्यानी नसते. लिंबायत, उधना, मजुरा आणि चोर्यासी हे भाग लोकसभेसाठी नवसारीत मोडतात. मराठी वस्तीचा मोठा भाग तिकडचा. तेथून २००९ पासून चार वेळा निवडून आलेले सी. आर. पाटील हे मूळ जळगाव जिल्ह्यातले. २०१९ मध्ये ते ६,८९,६६८ आणि २०२४ मध्ये ७,७३,५५१ मतांच्या फरकाने जिंकले आणि २०२४ मध्ये केंद्रात जलशक्ती मंत्री झाले. आपल्या माणसाचा अभिमान वाटणे स्वाभाविक आहे. पण इतक्या मोठ्या फरकात एक धोका असतो. ज्याला हरण्याचे भय नाही त्याला जाब विचारण्याचे काम विरोधी उमेदवार करीत नाही. ते मतदारालाच करावे लागते.

सुरत मतदारसंघात तर २०२४ साली मतदारास तेवढीही संधी मिळाली नाही. काँग्रेसचे उमेदवार नीलेश कुंभाणी यांच्या अर्जावरील सूचकांनी सह्या आपल्या नसल्याचे सांगितल्यावर तो २१ एप्रिलला नामंजूर झाला, पर्यायी उमेदवाराचाही झाला. दुसऱ्या दिवशी उरलेल्या सर्वांनी माघार घेतली आणि मुकेश दलाल बिनविरोध निवडून आल्याचे जाहीर झाले. एकच उमेदवार उरला तर मतदान न घेता त्याला निवडून आलेला घोषित करावे, असे १९५१ चा कायदा सांगतो. ७ मे रोजी लिंबायतच्या मतदाराने रांगेत उभे राहून मत दिले. कतारगामच्या, वराछाच्या, ओलपाडच्या मतदाराच्या बोटाला शाई लागली नाही. याच भूमीतले मोरारजी १९५२ साली विधानसभेला अवघ्या एकोणीस मतांनी पडले होते, ही आठवण अशा वेळी होते. एकोणीस माणसांनी निकाल फिरवावा असा तो काळ, आणि लाखो माणसांना कोणी विचारूच नये असा हा.

मते पडली नाहीत म्हणून प्रतिनिधी कमी जबाबदार होत नाही. उलट अशा वेळी संसदेतील कामाची नोंद हाच एक हिशेब उरतो. ती पाहणे पूर्वीइतके कठीण नाही. कोणत्या खासदाराने कोणता प्रश्न विचारला आणि मंत्र्याने काय उत्तर दिले, हे लोकसभा सचिवालय नावानिशी प्रसिद्ध करते. त्यांत संख्येपेक्षा विषय पाहावा. मागावर काम करणाऱ्याच्या विम्याचा, तापीच्या पुराचा, खानदेशाकडे जाणाऱ्या गाड्यांचा प्रश्न एकच असला तरी तो पन्नास ठरावीक प्रश्नांहून मोलाचा. स्थानिक विकास निधीचेही तेच. ही योजना १९९३ च्या डिसेंबरात सुरू झाली. खासदारामागे वर्षाला पाच कोटी ही रक्कम २०११ पासून झाली. किती खर्च झाले हे सारेच सांगतात. कोणत्या गल्लीत झाले, आणि अनुसूचित जाती-जमातींच्या वस्त्यांसाठी ठेवावयाचा वाटा तेथे पोचला का, हे जिल्हाधिकाऱ्यांच्या कचेरीत विचारावे लागते.

एका गोष्टीची नोंद मात्र आज शोधूनही बहुधा सापडत नाही. खासगी विधेयक चर्चेला आले तरी शेवटी मंत्री आश्वासन देतात व मांडणारा ते मागे घेतो, किंवा ते आवाजी मतदानाने फेटाळले जाते. "हो" म्हणणारे हो म्हणतात, "नाही" म्हणणारे नाही म्हणतात, अध्यक्ष कानोसा घेतात आणि निर्णय सांगतात. कोण काय म्हणाले ते कोठेही लिहिले जात नाही. सरकारी विधेयकांचेही पुष्कळदा असेच होते. सभासदाने आग्रहाने मतविभागणी मागितली तरच नावे कागदावर येतात, आणि पक्षाच्या आदेशाविरुद्ध मत दिले तर सभासदत्व जाईल असे १९८५ पासून दहावे परिशिष्ट सांगत असल्याने त्या नावांतही आश्चर्याचे काही नसते.

१९ मार्च १९१२ रोजी कलकत्त्यात मतविभागणी झाली होती. सक्तीच्या शिक्षणाच्या बाजूने उभे राहिलेल्या त्या तेरा जणांची आणि विरुद्ध गेलेल्या अडतीस जणांची नावे वरिष्ठ कायदेमंडळाच्या छापील कामकाजात एकाखाली एक दिलेली आहेत. जुन्या ग्रंथालयांत ते खंड अजून मिळतात.